अंतर परवडते, कागदातली खोट परवडत नाही

घरखरेदीविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरे

प्रश्न : महोदय, सप्रेम नमस्कार. मी मुलुंडच्या एका कारखान्यात नोकरीस आहे आणि माझी पत्नी दादरच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न साडेआठ लाख रुपये असून कपाती वजा जाता दरमहा सुमारे ६४,००० रुपये हातात येतात. आम्ही भांडुपला १५,००० रुपये भाड्याच्या जागेत राहतो. आमच्याजवळ १२ लाख रुपये शिल्लक आहेत. आमच्या ऐपतीतली वाटलेली तीन घरे आम्ही पाहिली आहेत. पहिले नालासोपारा पूर्वेला नव्या इमारतीत २४ लाखांना आहे आणि ताबा लगेच मिळणार आहे. दुसरे बदलापूरला बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात चौदाव्या मजल्यावर ३८ लाखांना आहे. तिसरे डोंबिवलीत पंचवीस वर्षे जुन्या सोसायटीतले असून मालक ४२ लाख मागतो. नालासोपाऱ्याचे घर घेतल्यास कर्ज निम्म्यावर येते, म्हणून मन तिकडे ओढते. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमच्या पत्रात तिन्ही घरांचे भाव आहेत, परंतु एकाही घराच्या कागदपत्रांविषयी एक ओळ नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. मुंबईच्या परिसरात घर स्वस्त मिळते ते बहुधा तीन कारणांनी : ते लांब असते, ते जुने असते, किंवा त्याच्या कागदांत खोट असते. लांबचे घर शरीराला त्रास देते, पण तो त्रास आधी मोजता येतो. जुन्या घराला खर्च येतो आणि त्याचाही अंदाज बांधता येतो. बेकायदा इमारतीतल्या घराचे तसे नाही. तेथे गेलेले पैसे आणि डोक्यावरचे छप्पर एकाच दिवशी जाऊ शकते, कर्जाचा हप्ता मात्र पुढची वीस वर्षे चालू राहतो. म्हणून पहिली दोन कारणे तुम्ही अवश्य स्वीकारावीत आणि तिसरे कधीही स्वीकारू नये, एवढेच मला आग्रहाने सांगायचे आहे.

आधी ऐपत पाहू. हातात येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांहून अधिक हप्ता घेऊ नये असे मी मानतो. तुमच्या बाबतीत ती मर्यादा २५,६०० रुपयांची होते. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीस एक लाखामागे सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे तुम्हाला साडेएकोणतीस लाखांपर्यंतचे कर्ज पेलेल. बँक कदाचित याहून अधिक कर्ज मंजूर करील, परंतु त्या आकड्याने हुरळून जाऊ नका, कारण तो आकडा तुमच्या घरातील आजारपण, बाळंतपण किंवा नोकरीतला खंड गृहीत धरून काढलेला नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च दहा लाखांवरच्या घरात या हिशेबात धरला जात नाही, तो स्वतःच्या खिशातून करावा लागतो. तुम्ही पाहिलेल्या भागांत मुद्रांक शुल्क अधिभारांसह सहा ते सात टक्के आणि तीस लाखांवरील घराला नोंदणी शुल्क ३०,००० रुपये पडते. दलाली, वकिलाचे शुल्क आणि सोसायटीचे हस्तांतरण शुल्क धरले, तर ३५ लाखांच्या घरावर आणखी साडेतीन लाख तरी जातात. २८ लाख कर्ज, घराच्या किमतीपोटी ७ लाख आणि हे साडेतीन लाख असा हिशेब केला की तुमच्या बारा लाखांतले दीड लाख अडीअडचणीसाठी उरतात. तेवढे उरलेच पाहिजेत. सारांश, तुमचे घर ३२ ते ३५ लाखांचे आहे, ४२ लाखांचे नाही.

त्यातही ३२ लाखांच्या बाजूला राहिलात तर एक लाभ आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) दुसऱ्या टप्प्यात, जो सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे, नऊ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना व्याज अनुदान मिळते. अट अशी की घराची किंमत ३५ लाखांपेक्षा आणि कर्ज २५ लाखांपेक्षा अधिक नसावे, तसेच कुटुंबातील कोणाच्याही नावावर देशात कोठेही पक्के घर नसावे. पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर चार टक्के अनुदान असून ते पाच वार्षिक हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये होते. अर्ज करण्यापूर्वी गावाकडच्या घराच्या उताऱ्यावर तुमचे नाव लागले आहे का, हे पाहून घ्या. अनेकांचे अर्ज तेथेच अडतात.

आता नालासोपाऱ्याच्या घराविषयी. नालासोपारा पूर्वेलाच २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. त्या इमारती सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या भूखंडांवर उभ्या होत्या. तेथे राहणारी शेकडो कुटुंबे भाडेकरू किंवा घुसखोर नव्हती. त्यांनी पैसे मोजून घरे घेतली होती. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींच्या बांधकाम परवानग्याच बनावट निघाल्या आणि त्या बनावट कागदांच्या आधारे महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांकही मिळवण्यात आला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचे आदेश दिले. या दोन्ही प्रकरणांत सामान्य ग्राहकाने ज्या गोष्टींना पुरावा मानले, त्या पुरावा नव्हत्या. करारनाम्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली म्हणजे इमारत कायदेशीर ठरत नाही. नोंदणी ही व्यवहाराची असते, बांधकामाची नव्हे. वीजमीटर आहे, नळजोडणी आहे, मालमत्ता कराची पावती आहे, यानेही काही सिद्ध होत नाही. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर आकारते, इतकेच नव्हे तर त्यावर शास्ती म्हणजे दंडही लावू शकते, आणि पावतीवर हा कर म्हणजे बांधकामाला मान्यता नव्हे अशा आशयाची ओळ बारीक अक्षरांत असते. ग्रामपंचायतीचा दाखला हा बहुमजली इमारतीचा बांधकाम परवाना नव्हे. एखादी खासगी वित्तसंस्था कर्ज द्यायला तयार आहे, एवढ्यावरूनही निर्धास्त होऊ नये.

मग पाहायचे काय? ताबा लगेच मिळणार असेल तर इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ती मंजुरीप्रमाणे पूर्ण होऊन राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, हवेच. त्या प्रमाणपत्राची प्रत विकासकाकडून घ्या आणि ती घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा. त्यावरील जावक क्रमांक आणि दिनांक त्यांच्या नोंदीत आहे का, याची लेखी विचारणा करा. गरज पडल्यास माहिती अधिकारात अर्ज करा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर जमीन कोणाच्या नावावर आहे आणि विकास आराखड्यात त्या भूखंडावर आरक्षण आहे का, हेही तेथेच कळते. विकासक म्हणेल की एवढा वेळ कोणी घेत नाही, उद्या दुसरे गिऱ्हाईक येते आहे. त्याला ते गिऱ्हाईक खुशाल घेऊ द्यावे. आजूबाजूच्या कायदेशीर इमारतींपेक्षा भाव फारच कमी असेल तर तो फरक कोणत्या कारणाने आहे, याचे कागदोपत्री उत्तर मिळाल्याशिवाय एक रुपयाचाही इसार देऊ नका.

नालासोपाऱ्याविषयी आणखी एक गोष्ट, जी कागदांइतकी गंभीर नाही पण रोजची आहे. तुमची दोघांची नोकरी मध्य रेल्वेच्या मार्गावर आहे. नालासोपाऱ्याहून मुलुंडला जायचे तर दादरपर्यंत येऊन गाडी बदलून पुन्हा उलट दिशेने जावे लागेल. पत्नीची रात्रपाळी असेल तेव्हाचा विचार वेगळाच करावा लागेल. घर निवडताना मार्ग बदलू नये असे मला वाटते; त्याच मार्गावर चार स्थानके पुढे जाणे पुष्कळ बरे.

बदलापूरचे घर या दृष्टीने योग्य बाजूला आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर ६८ किलोमीटरवर असले तरी तुम्हाला मुलुंड आणि दादर गाठायचे आहे. तरीही निर्णयापूर्वी तुम्ही दोघांनी आपापल्या कामाच्या वेळेला, सकाळच्या गर्दीत बदलापूरहून गाडी पकडून पाहावी. रविवारी दुपारी जागा पाहायला जाताना जो प्रवास सुसह्य वाटतो, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. शक्य असल्यास पावसाळ्यात, जुलैच्या जोरदार पावसानंतर तो परिसर पाहा. उल्हास नदीचे पाणी तेथे कसे पसरते हे साऱ्या महाराष्ट्राने जुलै २०१९ मध्ये पाहिले, जेव्हा महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती. तुमचा प्रकल्प पूररेषेच्या आत येतो का, हे पाटबंधारे विभागाच्या नकाशावरून कळते. शेजारच्या चाळीतल्या किंवा दुकानातल्या माणसाला त्या वर्षी पाणी कोठवर आले होते असे विचारले, तर तो भिंतीवरची खूणच दाखवतो.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे कागद महारेराच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. तेथे केवळ नोंदणी क्रमांक पाहून थांबू नका. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उघडा आणि ते सावकाश शेवटपर्यंत वाचा. अनेक ठिकाणी ही परवानगी आधी जोत्यापर्यंत, नंतर काही मजल्यांपर्यंत, अशी टप्प्याटप्प्याने दिलेली असते, आणि ती कोठपर्यंत आहे हे त्यातल्या एका ओळीत लिहिलेले असते. तुम्ही घेऊ पाहता ते घर चौदाव्या मजल्यावर आहे. परवानगी दहाव्या मजल्यापर्यंतच असेल, तर तुम्हाला विकले जात असलेले घर आज नकाशावर मंजूरही नाही, आणि तो मजला चढेल की नाही हे विकासकाच्या पुढच्या परवानग्यांवर अवलंबून राहील. प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख जाहिरातीतली नव्हे, तर महारेराकडे नोंदवलेली खरी माना, आणि ती आधी किती वेळा वाढवून घेतली आहे तेही पाहा. जमिनीवर बोजा किंवा न्यायालयीन वाद असल्यास त्याचीही नोंद तेथे असते. ही सारी पडताळणी केल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र खरे असल्याची खात्री नगररचना विभागात जाऊन करून घ्यायचीच आहे, हे वरच्या ६५ इमारतींनी शिकवले आहे.

नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत विकासकाला घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ही रेरा कायद्यातली तरतूद लक्षात ठेवा. किंमत चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतीच्या आत वापरायला मिळणाऱ्या जागेवर ठरवून घ्या. बाल्कनी त्यात धरलेली नसते. चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असल्याने तुम्हाला वस्तू व सेवा कर एक टक्काच लागेल; तयार आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला तो मुळीच लागत नाही. परंतु ३८ लाखांवर मुद्रांक शुल्क, हा कर, सोसायटीचा आगाऊ देखभाल खर्च आणि विकासक लावतो ते इतर आकार धरले, की रक्कम ४२ लाखांच्या घरात जाते. शिवाय ताबा मिळेपर्यंत भांडुपचे भाडे आणि कर्जाचे व्याज दोन्ही याच उत्पन्नातून द्यावे लागेल. ६४,००० रुपयांत तो काळ फार ओढाताणीचा जाईल.

मला या तिघांत डोंबिवलीचा विचार सर्वांत चांगला वाटतो, पण ते घर नव्हे आणि ती किंमत नव्हे. ४२ लाखांना तुमची सारी शिल्लक संपूनही पैसे कमी पडतील. मात्र डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, अंबरनाथ या पट्ट्यात वीस-पंचवीस वर्षे जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची लहान घरे तुमच्या ऐपतीत बसू शकतात, आणि तुमच्या वयाला तीन जिने अडचणीचे नाहीत. तयार घर घेतल्यास भाडे त्याच महिन्यापासून वाचते. जुन्या घरात आधीच्या सर्व खरेदीखतांची साखळी सलग असावी, सोसायटीचे भाग (शेअर) प्रमाणपत्र विक्रेत्याच्या नावावर असावे, भोगवटा प्रमाणपत्र असावे आणि जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतर, सोसायटीच्या नावे झाले असल्यास उत्तम. सोसायटीकडे संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. घर पाहताना नव्या रंगाकडे पाहू नका. स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या छताला, तुळईच्या खालच्या अंगाला पाहा. तेथे सिमेंटचा पापुद्रा सुटून गंजलेली सळई दिसत असेल, तर दुरुस्तीची मोठी वर्गणी दोन-तीन वर्षांत तुमच्याच वाट्याला येणार आहे. हस्तांतरण शुल्क म्हणून सोसायटीला २५,००० रुपयांपेक्षा अधिक मागता येत नाही. आणि "लवकरच पुनर्विकास होणार आहे" या वाक्यासाठी मालकाला एक रुपयाही जादा देऊ नका.

प्रश्न : मी लालबागला आईवडिलांसह राहतो आणि शासकीय सेवेत आहे. शेजारच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाला उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीतली १८० चौरस फुटांची पागडीची खोली ३५ लाखांना मिळते आहे. इमारतीचा पुनर्विकास झाला की मोठे घर मिळेल, असे सर्व जण म्हणतात. दुसरीकडे म्हाडाच्या सोडतीत मी सतत अर्ज करतो आहे, पण नंबर लागत नाही. काय करावे?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ज्या वस्तीत आपण वाढलो तेथेच राहावे, ही इच्छा अगदी रास्त आहे. गिरणगावातल्या माणसाला ते परवडू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. परंतु पागडीची खोली घेताना तुम्ही घराची मालकी विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क घेता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने भाडेहक्क मोबदला घेऊन हस्तांतरित करण्यास मुभा दिली आहे, पण त्यासाठी घरमालकाची संमती आणि तुमच्या नावाची भाडेपावती आवश्यक आहे. मोबदल्यातला ठरावीक हिस्सा घरमालक घेतो, आणि तो ३५ लाखांत धरला आहे की वेगळा, हे आधी लेखी ठरले पाहिजे. बँका अशा खोलीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत, त्यामुळे ही रक्कम तुम्हाला आईवडिलांच्या आयुष्यभराच्या पुंजीतून किंवा महागड्या वैयक्तिक कर्जातून उभी करावी लागेल.

पुनर्विकासाविषयी अधिक सांभाळून बोलायला हवे. मुंबई शहर भागात आज सुमारे तेरा हजार उपकरप्राप्त इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ इमारतींत हेच वाक्य कित्येक वर्षे ऐकू येते आहे. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या कलमाखाली निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मिळते, हे खरे. पण ते केव्हा मिळेल, मधली वर्षे भाडे कोण देईल आणि विकासकाने काम अर्धवट सोडले तर काय, या प्रश्नांची उत्तरे संक्रमण शिबिरांत, म्हणजे तात्पुरत्या निवाऱ्यांत, वर्षानुवर्षे काढलेल्या कुटुंबांना विचारावीत. इमारतीचा पुनर्विकास प्रस्ताव म्हाडाकडे मंजूर झालेला असेल, भाडेकरूंच्या प्रमाणित यादीत सध्याच्या भाडेकरूचे नाव असेल, आणि हस्तांतरणानंतर तुमचे नाव तेथे लागेल असे घरमालक व विकासक दोघेही लिहून देत असतील, तरच पुढे विचार करा. यांतली एक जरी गोष्ट नसेल तर खोलीचा मोह सोडावा.

म्हाडाच्या सोडतीला मी नशिबाचा खेळ म्हणून सोडून देणार नाही, पण केवळ तिच्यावर विसंबून राहण्यासही सांगणार नाही. मुंबई मंडळाच्या २०२४ च्या सोडतीत २,०३० घरे होती, त्यांत अल्प उत्पन्न गटासाठी ६२७. एकूण अर्ज एक लाखाहून अधिक होते. शिवाय २०१९ नंतर मुंबई मंडळाची पुढची सोडत थेट २०२३ मध्ये निघाली. म्हणून मुंबई मंडळाबरोबरच कोकण मंडळाच्या सोडतीत अर्ज करा. तिच्यात ठाणे, कल्याण, वसई, नवी मुंबई परिसरातील वीस टक्के योजनेची घरे असतात. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्या खासगी विकासकाला वीस टक्के घरे अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी राखून ठेवावी लागतात, आणि चांगल्या वसाहतीतले घर बाजारभावापेक्षा बरेच कमी किमतीत मिळण्याचा हा मार्ग फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक सहा लाखांपर्यंत अत्यल्प, नऊ लाखांपर्यंत अल्प, बारा लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च उत्पन्न गट धरला जातो. विवाहित असल्यास पतिपत्नी दोघांचे उत्पन्न एकत्र मोजतात. सोडतीच्या ऐन वेळी अधिवास प्रमाणपत्रासाठी धावपळ होते. ते २०१८ नंतरचे, बारकोड असलेले असावे लागते, तेव्हा जुने असल्यास आजच नवे काढून ठेवा. सोडतीत नंबर लावून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी त्याला दाराबाहेरूनच परत पाठवा. विरार-बोळींजसारख्या ठिकाणी म्हाडाची न विकली गेलेली घरे प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या तत्त्वावरही विकण्यात आली आहेत. अंतर सोसण्याची तयारी असेल तर त्या घरांच्या कागदांची चिंता तरी करावी लागत नाही.

प्रश्न : मानखुर्दला झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या इमारतीतली खोली २० लाखांना मुखत्यारपत्रावर मिळते आहे. घ्यावी का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : घेऊ नये. पुनर्वसनाचे घर मूळ लाभार्थ्याला ठरावीक मुदतीपर्यंत विकता येत नाही, आणि मुदत संपल्यावरही झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची परवानगी लागते. केवळ मुखत्यारपत्राने किंवा साध्या करारपत्राने स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. मुदत संपलेली असेल, प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र असेल आणि रीतसर नोंदणीकृत खरेदीखत होणार असेल, तरच बोलणी करा.

प्रश्न : घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्क कमी लागते, असे ऐकले. तसे करावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : महाराष्ट्रात निवासी घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पतीचे नाव सहमालक म्हणून आले की ती मिळत नाही. ३५ लाखांच्या घरात हे ३५,००० रुपये होतात. तुमच्या पत्नीची मिळकत आणि दागिने त्या घरात जात असतील आणि तुम्हा दोघांना ते तिचेच असावे असे वाटत असेल, तर अवश्य तिच्या नावावर घ्या. तुम्ही कर्जात सहकर्जदार राहू शकता. परंतु केवळ सवलतीसाठी मालकी ठरवू नका. दोघांच्या पगारातून हप्ता जाणार असेल तर दोघांची नावे करारनाम्यावर असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी कराड तालुक्यातील शेतकरी आहे. वय ६३. माझी वडिलोपार्जित तीन एकर बागायत जमीन आहे. मुलगा ऐरोलीला खासगी कंपनीत आहे आणि त्याच्या लग्नाची बोलणी घर नसल्यामुळे अडतात. सर्व जमीन विकून त्याला कर्जाशिवाय फ्लॅट घेऊन द्यावा, असे घरात चालले आहे. मुलगी विवाहित आहे. आपला सल्ला हवा.
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : तुमच्यासारखी बरीच पत्रे माझ्याकडे येतात, आणि प्रत्येक वेळी मला वाटते की शहरातल्या घराची किंमत शहरातला माणूस एकटा देत नाही. पहिली गोष्ट, सर्व जमीन विकू नका. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेवटचा तुकडा विकला की शेतकरी म्हणून दाखवायला चालू सातबारा राहत नाही आणि उद्या तुमच्या मुलाला किंवा नातवाला पुन्हा जमीन घेणे फार अवघड होते. अर्धा एकर का होईना, पण नावावर राहू द्या.

दुसरी गोष्ट, मुलीची. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर तिचा मुलाइतकाच हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो अधिक पक्का केला आहे. तिची सही लागेल हे खरेदीदाराचा वकील सांगेलच. पण सही घ्यायची म्हणून हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवू नका. तिला आणि तुमच्या पत्नीला समोर बसवून, काय विकतो आहोत आणि कोणाला काय देणार आहोत, हे आकड्यांसह बोला. भावाच्या फ्लॅटसाठी बहिणीने कोऱ्या मनाने सही केली आणि नंतर दोन घरांचे येणे-जाणे तुटले, अशी उदाहरणे प्रत्येक गावात आहेत.

तिसरी गोष्ट, रक्कम. मुलगा तरुण आहे आणि नोकरीत आहे. कर्ज फेडण्याची वीस-पंचवीस वर्षे त्याच्याजवळ आहेत, तुमच्याजवळ नाहीत. म्हणून जमिनीतून फक्त सुरुवातीची रक्कम आणि मुद्रांक शुल्क उभे करा आणि उरलेले त्याने कर्जाने घ्यावे. त्यासाठी एक एकर पुरत असेल तर दीड विकू नका. तुमच्या पैशाचा वाटा मोठा असेल, तर फ्लॅटच्या करारनाम्यावर तुमचे किंवा तुमच्या पत्नीचे नाव सहमालक म्हणून असावे. मुलावर विश्वास आहे की नाही, हा प्रश्न येथे नाही. आजारपणात किंवा म्हातारपणी तुम्हाला मागावे लागू नये, एवढाच हेतू आहे. सिडकोच्या योजनांवरही मुलाने लक्ष ठेवावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोने तळोजा, खारघर, कळंबोली, पनवेल परिसरातील २६,००० घरांची योजना आणली होती. किमती जाहीर झाल्यावर त्या जास्त असल्याची तक्रार झाली, तरी कागदांच्या बाजूने ती घरे निर्धोक असतात.

प्राप्तिकराविषयी घाबरण्याचे कारण नाही. तुमची जमीन ग्रामीण शेतजमिनीच्या व्याख्येत बसत असेल तर तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल, तर तिच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन ग्रामीण धरतात. हे अंतर तलाठ्याच्या किंवा नगरपालिकेच्या दाखल्याने आधीच नोंदवून घ्या. विक्रीची पूर्ण किंमत खरेदीखतात दाखवा आणि सर्व पैसे बँकेतूनच घ्या, कारण रोखीने आलेला पैसा पुढे फ्लॅटच्या व्यवहारात दाखवता येत नाही. फ्लॅटचा इसार मात्र जमिनीचे खरेदीखत होऊन पैसे खात्यात जमा झाल्यावरच द्या. जमिनीच्या व्यवहारात वारसनोंद, मोजणी किंवा हद्दीचा वाद निघून दोन-चार महिने सहज जातात, आणि तोवर इकडच्या करारातली मुदत टळली तर दिलेला इसार परत मिळवताना तुमच्या मुलाच्या नाकी नऊ येतील.